टिचकीचे मोल

पूर्वी गावात दवंडी पिटणाऱ्या माणसाला जो मोबदला मिळे, तो वेशीपासून वेशीपर्यंत फेरी घातल्याबद्दल मिळे. दवंडी किती जणांनी ऐकली, ऐकणाऱ्यांपैकी किती जण बाजाराला गेले आणि गेलेल्यांपैकी किती जणांनी सांगितलेल्याच दुकानातून खरेदी केली, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. तो ठेवावयाचे साधनच कोणापाशी नव्हते. पुढे वर्तमानपत्रे आली, तेव्हा फेरीच्या जागी कॉलमाची लांबी आली. नभोवाणीवर लांबीच्या जागी सेकंद आले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या, तेव्हाही जाहिरातदाराने पैसे मोजले ते वेळेचे. त्या अवधीत ऐकणारी गृहिणी चहाचे आधण उतरवावयास आत गेली असेल, तर ते नुकसान जाहिरातदाराचे.

फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वॉनमेकर यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते. जाहिरातीवरचा आपला निम्मा खर्च फुकट जातो हे त्यांस पक्के ठाऊक होते. कोणता निम्मा, एवढेच ठाऊक नव्हते. उक्ती त्यांची असो वा नसो, व्यापाऱ्यांची जुनी व्यथा तीत नेमकी आली आहे. टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी या व्यथेवर एक घरगुती उपाय काढला होता. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवावयाचे एक कूपन छापावयाचे आणि प्रत्येक नियतकालिकातील कूपनावर निरनिराळी खूण करावयाची. कोणत्या खुणेची कूपने जास्त परत आली ते मोजले की कोणती जाहिरात कामाची ते कळे. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरात-लेखकाने १९२३ मध्ये या मोजदादीचे एक शास्त्रच लिहून काढले. परंतु कूपन मोजूनही नियतकालिकाचा दर बदलत नसे. जागेचे पैसे द्यावेच लागत.

आंतरजालावरील जाहिरातीने हा दरच पालटला. जाहिरात नुसती दिसल्याचे पैसे नाहीत; वाचकाने तीवर टिचकी मारली आणि तो जाहिरातदाराच्या दारी पोहोचला, तरच पैसे. वरवर पाहता ही केवळ आकारणीची नवी रीत आहे. तथापि पैसे कशाचे मोजावयाचे हे बदलले की नुकसानीची जोखीम कोणाच्या गळ्यात पडते तेही बदलते. आणि मोजणी जितकी बारीक, तितका मोजणारा बलिष्ठ होतो. टिचकीच्या तीस वर्षांच्या इतिहासात मला या दोनच गोष्टी पुनःपुन्हा दिसतात.

आरंभी आंतरजालावरही जुनाच रिवाज होता. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर जाहिरातींच्या पहिल्या पट्ट्या झळकल्या. त्यांत ए.टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीची एक पट्टी होती. तिच्यावर शंभरातील चव्वेचाळीस प्रेक्षकांनी टिचकी मारली असे सांगितले जाते. नव्याचे नऊ दिवस! आज शंभरात एकाने टिचकी मारली तरी जाहिरातदार समाधान मानतो. त्या पट्ट्यांचा दर ठरलेल्या मुदतीसाठी होता; पुढे तो हजार दर्शनांमागे इतके डॉलर असा ठरू लागला. म्हणजे दवंडीवाल्याचीच फेरी, फक्त माणसे मोजून.

या रिवाजाला पहिला मोठा धक्का १९९६ मध्ये एका साबण विकणाऱ्या कंपनीने दिला. प्रॉक्टर अँड गँबल हा जगातील मोठ्यांत मोठ्या जाहिरातदारांपैकी एक. त्यांनी याहू या संकेतस्थळास सांगितले की आम्ही दर्शनाचे पैसे देणार नाही, टिचक्यांचे देऊ. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकास नाही कोण म्हणणार? याहूने ते मान्य केले. इतर संकेतस्थळांचे मालक मात्र खवळले, आणि त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. जाहिरात नीरस निघाली, चित्र भिकार निघाले, माल कोणाला नकोच असला, तर टिचकी पडणार नाही. मग आमच्या पानाने जागा दिली, वाचक आणून बसविला, त्याचे काय? वर्तमानपत्राच्या संपादकाला असे कोणी म्हटले असते की तुमच्या पानावरील जाहिरात वाचून जो दुकानात येईल तेवढ्याचेच पैसे देऊ, तर त्याने त्यास जिना दाखविला असता. आजवर जाहिरातदाराच्या पदरात पडणारी जोखीम टिचकीमुळे पानाच्या मालकाच्या पदरात जाऊन पडली.

यानंतर जो मनुष्य रंगमंचावर आला तो साबण विकणारा नव्हता. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे बिल ग्रॉस नावाचे गृहस्थ नवनव्या कंपन्या काढण्याची एक कंपनीच चालवीत होते. त्या काळची शोधयंत्रे कचऱ्याने भरली होती. 'मोटार' म्हणून शोधावे तर भलत्याच धंद्याची पाने पुढे येत, कारण पाने लिहिणारे लोक यंत्रास फसविण्यासाठी हवे ते शब्द हवे तितक्या वेळा लिहीत. ग्रॉस यांनी विचार केला की पुढची जागा फुकट मिळते म्हणून खोटे बोलणारे पुढे घुसतात; तिला किंमत लावली तर ज्याच्याजवळ खरोखर मोटारी विकावयास आहेत तोच ती देईल. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांनी ही कल्पना एका परिषदेत मांडली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी नाके मुरडली. शोधाची उत्तरे विकावयाची, हा ज्ञानाचा बाजार मांडल्यासारखेच त्यांना वाटले. ग्रॉस थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांचे 'गोटू' नावाचे शोधयंत्र सुरू झाले.

गोटूवर प्रत्येक शोधशब्दाचा लिलाव चाले. बोली एका सेंटपासून आरंभ होई, आणि ज्याची बोली सर्वांत मोठी त्याचे नाव सर्वांत वर येई. पैसे टिचकी पडली तरच. या लिलावाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की प्रत्येक नावाशेजारी त्याची बोलीही उघड छापलेली असे. अमुक दुकानदार तुमच्या एका टिचकीसाठी इतके सेंट देत आहे, हे शोधणाऱ्याला समोर दिसत असे. सरकारी कचेरीत निविदा उघडण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना या उघडेपणाचे मोल निराळे सांगावयास नको. पुढे आलेल्यांनी हा गुण मात्र उचलला नाही.

गोटूच्या लिलावात एक खोट होती, आणि ती समजावून घेण्यासारखी आहे. समजा, 'पैठणी' हा शब्द तीन दुकानदारांना हवा आहे. एका टिचकीपासून पहिल्यास सरासरी १० रुपयांचा लाभ होतो, दुसऱ्यास ८ रुपयांचा, तिसऱ्यास ४ रुपयांचा. जागा दोनच. तिसरा ४ रुपये बोलून थांबतो. दुसरा ४ रुपये १ पैसा बोलतो; पहिला ४ रुपये २ पैसे बोलून वरची जागा पटकावतो. दुसऱ्यास तिचा मोह होतो, तो आणखी एक पैसा चढवितो. पहिला त्याहून एक पैसा. असे करता करता बोली सहा-सात रुपयांपर्यंत जाते. मग दुसऱ्याच्या ध्यानात येते की एवढे देण्यापेक्षा खालची जागा ४ रुपये १ पैशात काय वाईट? तो एकदम खाली उतरतो. लागलीच पहिलाही उतरतो, कारण आता त्यास ४ रुपये २ पैसे पुरतात. आणि पुन्हा पैशा-पैशाची चढण सुरू. या बोलींचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसे. माणसे हे करून थकली, तेव्हा त्यांनी हेच काम रात्रंदिवस करणारी यंत्रे नेमली. माल विकणे राहिले बाजूला, शेजाऱ्याच्या बोलीवर पाळत ठेवणे हाच एक धंदा होऊन बसला.

यावर तोड निघाली ती गूगलकडून. येथे एक मौज सांगितली पाहिजे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्राविषयी जो निबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र वाचकांऐवजी जाहिरातदारांकडे झुकल्याशिवाय राहणार नाही असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, त्यांच्याच कंपनीने 'ॲडवर्ड्स' ही जाहिरातींची योजना ३५० गिऱ्हाइकांसह सुरू केली. तीत आरंभी दर होता तो दर्शनांचाच. फेब्रुवारी २००२ मध्ये टिचकीचा लिलाव आला, आणि तो गोटूच्या लिलावाहून दोन बाबतींत निराळा होता.

पहिली गोष्ट ही, की जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरावयाची नाही. त्याच्या खालच्या माणसाला मागे ठेवण्यास जेवढे पुरेल तेवढेच भरावयाचे. म्हणजे आमच्या पहिल्या पैठणीवाल्याने १० रुपये आणि दुसऱ्याने ८ रुपये अशी आपली खरी किंमत सांगितली, तर पहिल्यास भरावे लागतील ते ८ रुपये १ पैसा. मग पाळत ठेवून बोली चढवावयाचे वा उतरवावयाचे कारण उरत नाही. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या रीतीचा गणिती विचार केला आणि १९९६ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पना मात्र त्याच्या किती तरी आधीची. जर्मन महाकवी गटे याने १७९७ मध्ये 'हर्मान आणि डोरोथेआ' हे काव्य बर्लिनच्या फिवेग नावाच्या प्रकाशकास देऊ केले तेव्हा आपली अपेक्षित किंमत एका बंद लखोट्यात घालून बॉटिगर नावाच्या मध्यस्थाजवळ ठेवली. प्रकाशकाने आकडा सांगावा. तो लखोट्यातील आकड्याहून कमी असेल तर व्यवहार मोडला, जास्त असेल तर त्याने लखोट्यातील रक्कमच द्यावी. प्रकाशक आपल्या काव्याला मनातून किती मोजतो ते गटेला जाणून घ्यावयाचे होते. प्रकाशकाने आकडा सांगितला बरोबर १००० थेलर, आणि लखोट्यातही निघाले १००० थेलरच! बॉटिगरने आतली गोष्ट आधीच कळविली होती. युक्ती निर्दोष होती, लखोटा सांभाळणारा निर्दोष नव्हता. हा प्रसंग पुढे पुन्हा आठवावा लागणार आहे.

एकापेक्षा अधिक जागांच्या लिलावात विकरीचे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, हे २००७ मध्ये एडेलमन, ऑस्ट्रोव्स्की आणि श्वार्त्झ या तिघांनी दाखवून दिले. तथापि करवतीचे दाते बोथट झाले, हे खरे.

दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची. गूगलने केवळ बोली पाहिली नाही. शंभर लोकांना जाहिरात दाखविली असता किती जण टिचकी मारतात तेही पाहिले आणि दोहोंचा गुणाकार केला. एका धनाढ्य व्यापाऱ्याने टिचकीमागे १० रुपये बोलले, पण त्याच्या जाहिरातीवर शंभरातून एकच टिचकी पडते. शंभर दर्शनांचे उत्पन्न १० रुपये. येवल्याच्या एखाद्या लहान विणकराने ६ रुपये बोलले आणि त्याच्या जाहिरातीवर तीन टिचक्या पडतात. उत्पन्न १८ रुपये. तेव्हा वरची जागा विणकराची. आणि ती राखावयास त्यास किती द्यावे लागतील? ३ रुपये ३४ पैसे. कारण तीन टिचक्यांचे ते १० रुपये २ पैसे होतात, आणि धनिकाला मागे ठेवण्यास तेवढे पुरे. कामाचे लिहील त्यास स्वस्त आणि निरुपयोगी लिहील त्यास महाग, असा हा दर होता. जाहिरातीच्या सबंध इतिहासात लहान दुकानदाराला इतका न्याय्य दर क्वचितच मिळाला असेल.

गोटूचे नाव तोवर 'ओव्हर्चर' झाले होते. त्यांच्याजवळ बोलीच्या लिलावाचे जुलै २००१ मध्ये मिळालेले एकस्व होते; त्याच्या आधारे त्यांनी एप्रिल २००२ मध्ये गूगलवर दावा लावला. २००३ मध्ये याहूने ओव्हर्चर १६३ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि ऑगस्ट २००४ मध्ये, गूगलचे समभाग बाजारात येण्याच्या थोडेच आधी, २७ लाख समभाग घेऊन तो दावा मिटला. शोध ज्यांचा, त्यांना त्याचे मोल असे मिळाले. वृक्ष मात्र दुसऱ्याच्या अंगणात वाढला.

येथवर गोष्ट शोधयंत्राच्या स्वतःच्या पानांची झाली. जून २००३ मध्ये गूगलने 'ॲडसेन्स' ही योजना सर्वांना खुली केली, आणि टिचकीच्या व्यवहारात तिसरा पक्ष आला: ज्याचे स्वतःचे काही लहानमोठे संकेतस्थळ आहे असा मनुष्य. योजना दिसावयास सोपी आहे. मालकाने आपल्या पानावर चार ओळींची एक संकेतावली चिकटवावयाची. यंत्र पानावरील मजकूर वाचते, तो कशाविषयी आहे ते ताडते, आणि त्यास साजेशी जाहिरात तेथे आणून बसविते. आंब्याच्या कलमांविषयी लिहिलेल्या पानावर खतांची जाहिरात यावी. वाचकाने टिचकी मारली की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे जातात आणि त्यांतील वाटा पानाच्या मालकास मिळतो. जाहिरात मिळविण्यासाठी कोणाच्या कचेरीचे उंबरठे झिजवावयास नकोत, दलाल नको, वसुलीची कटकट नको. जगातील असंख्य हौशी लेखकांना आपल्या लिहिण्याचे चार पैसे प्रथम मिळाले ते या मार्गाने, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण वाटा किती? २००३ ते २०१० अशी सात वर्षे हे कंपनीने प्रसिद्धच केले नव्हते. मालकास महिन्याच्या अखेरीस एक रक्कम दिसे. ती शंभरातील साठांची आहे की ऐंशींची, हे कळावयाचा मार्ग नव्हता. मे २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की संकेतस्थळावरील जाहिरातींचे शंभरातील ६८ मालकास मिळतात. वाटा कमी नव्हता. परंतु ज्या भागीदारीत एका भागीदाराला आपला हिस्सा सात वर्षे माहीतच नव्हता, तिला भागीदारी म्हणावे काय?

टिचकीला मोल आले, तशी खोटी टिचकीही आली. ती तीन प्रकारची. प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीवर टिचक्या मारमारून त्याचा दिवसाचा पैसा दुपारीच संपवावयाचा, हा एक. आपल्याच पानावरील जाहिरातींवर टिचक्या मारून किंवा मारवून घेऊन उत्पन्न वाढवावयाचे, हा दुसरा. आणि हे दोन्ही उद्योग यंत्रांकडून करवावयाचे, हा तिसरा. २००४ मध्ये आपल्याकडील एका इंग्रजी दैनिकात, घरबसल्या पैसे घेऊन जाहिरातींवर टिचक्या मारणाऱ्या भारतीय गृहिणी आणि विद्यार्थी यांच्याविषयी बातमी आली होती. शब्दांचे भाव जसे चढले, तसे त्या शब्दांसाठी पाने रचण्याचेही एक शास्त्र झाले. 'मेसोथेलिओमा' हा ॲस्बेस्टॉसमुळे होणारा प्राणघातक कर्करोग आहे. अमेरिकेत या रोगाच्या नुकसानभरपाईचे दावे मोठ्या रकमांचे असल्याने वकिलांनी या शब्दाच्या टिचकीचा भाव सर्वांत महाग शब्दांच्या पंक्तीत नेऊन बसविला. मग ज्यांना वैद्यक ठाऊक नाही आणि कायदाही ठाऊक नाही, अशा लोकांनी या रोगाविषयी पानेच्या पाने लिहिली. वाचणारे कोण होते? ज्यांच्या घरी तो रोग आला होता, ते.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात भेटवस्तूंच्या एका दुकानाने २००५ मध्ये खोट्या टिचक्यांबद्दल दावा लावला. २००६ मध्ये गूगलने तो ९ कोटी डॉलरपर्यंतच्या रकमेवर मिटविला. जाहिरातदारांना त्यांतून रोख काही मिळाले नाही. पुन्हा जाहिराती देण्यासाठी जमा मिळाली. त्या दाव्याच्या निमित्ताने न्यूयॉर्क विद्यापीठातील अलेक्झांडर टुझिलिन या प्राध्यापकांनी कंपनीची व्यवस्था तपासून अहवाल दिला. कंपनीचे प्रयत्न वाजवी आहेत असे त्यांचे मत पडले. पण टिचकी मारणाऱ्याच्या मनातला हेतू यंत्राला कळत नाही, ही मूळची अडचण त्यांनी लपविली नाही. त्या अहवालातील एक तपशील माझ्या लक्षात राहिला आहे. पुष्कळांना सवयीने दोनदा लागोपाठ टिचकी मारावयाची खोड असते. २००५ च्या आरंभापर्यंत या दुसऱ्या टिचकीचेही पैसे आकारले जात होते.

खोट्या टिचक्यांच्या बंदोबस्ताचा भार शेवटी कोणावर पडतो, याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. माझे एक स्नेही शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर जुन्या, वापरातून गेलेल्या मराठी शब्दांविषयी एक संकेतस्थळ चालवू लागले. जाहिराती पुरविणाऱ्या एका कंपनीशी त्यांनी करार केला. ठरावीक रक्कम साचल्याखेरीज पैसे हाती पडत नसत, आणि ती साचावयास त्यांना दीड वर्ष लागले. रक्कम पुरी होण्याच्या सुमारास खाते बंद केल्याचे तीन ओळींचे पत्र आले. त्यांच्या पानावर अवैध टिचक्या आढळल्या होत्या, साचलेले पैसे जाहिरातदारांना परत जाणार होते. पुष्कळ चौकशी केल्यावर उलगडा झाला, तो असा: त्यांचा नागपूरचा पुतण्या काकांना मदत व्हावी म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक जाहिरातीवर एकेक टिचकी मारीत होता. गुन्हा घडला होता हे खरे. पण कोणत्या तारखांच्या, कोठून आलेल्या, किती टिचक्या अवैध ठरल्या, हे त्यांनी विचारले तेव्हा उत्तर आले की ते सांगता येत नाही. त्यांनी अर्ज केला, तो फेटाळल्याचेही पत्र आले. त्यावर सही कोणाचीच नव्हती. मी ज्या खात्यात नोकरी करतो तेथे शिपायाची एक वेतनवाढ रोखावयाची असली तरी आधी कारण दाखवा नोटीस द्यावी लागते.

आमच्या वित्तव्यवहारात एक साधा नियम आहे. जो पैसे घेतो त्याने हिशेब तपासावयाचा नाही. टिचकीच्या बाजारात लिलाव पुकारणारा, टिचक्या मोजणारा, खऱ्या-खोट्याचा निवाडा करणारा, पैसे घेणारा आणि वाटा पाडणारा, हा एकच. २००५ पासून तर त्या साध्या गुणाकाराच्या जागी 'गुणवत्तांक' आला, आणि बोली व टिचक्या यांखेरीज इतरही अनेक गोष्टी त्यात शिरल्या. त्यांचे नेमके वजन यंत्रच जाणे. विणकराला आपले ३ रुपये ३४ पैसे स्वतः मांडून पाहता येईनासे झाले.

ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधयंत्राच्या व्यवसायात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निर्णय दिला. हे मेहता मूळचे गुजरातेतील पाटणचे. त्यांच्या निकालपत्रात लिलावाविषयीचा भाग वाचण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्यांची पर्वा न करता कंपनी जाहिरातींचे दर वाढवू शकत होती, आणि वाढविण्याच्या तिच्या रीतींपैकी एक अशी की लिलावात दुसरा आलेल्याचा अंदाजी गुण वाढवून धरावयाचा. दुसरा वर सरकला की त्यास मागे ठेवण्यासाठी पहिल्यास अधिक भरावे लागते, आणि हे आपल्यास का भरावे लागले ते त्यास कळत नाही. मला बॉटिगर आणि त्याचा लखोटा आठवला तो येथे.

आपल्या देशात या व्यवहाराकडे सरकारचे लक्ष गेले ते प्रथम कराच्या दृष्टीने. येथील व्यापाऱ्याने दिलेले जाहिरातीचे पैसे परदेशी कंपनीस जातात, आणि तिचे येथे कायम कार्यालय नसेल तर त्या उत्पन्नावर कर बसत नाही. म्हणून १ जून २०१६ पासून अशा रकमांवर शेकडा ६ ची समकारी आकारणी लागू झाली. लोक तिला 'गूगल कर' म्हणत. १ एप्रिल २०२५ पासून ती रद्द झाली. दुसरा प्रश्न नावांचा. स्पर्धकाचेच नाव शोधशब्द म्हणून विकत घ्यावे आणि त्याचे गिऱ्हाईक आपल्या दारी वळवावे, हा प्रकार सर्रास चालतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले की असे नाव विकणारी कंपनी आपण केवळ तटस्थ मध्यस्थ आहोत असे म्हणून हात झटकू शकत नाही.

आपलेच नाव विकत घ्यावयाची पाळीही याच बाजारात येते. ईबे या मोठ्या अमेरिकन बाजारस्थळाने २०१२ मध्ये एक प्रयोग केला. 'ईबे' हा शब्द शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवावयाचे त्यांनी थांबविले. जे लोक पूर्वी जाहिरातीवर टिचकी मारून येत होते, ते जवळजवळ सगळे शेजारच्या साध्या दुव्यावरून फुकट आले. ज्यांना यावयाचेच होते त्यांच्या येण्याचे पैसे कंपनी भरीत होती. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वॉनमेकर यांचा वाया गेलेला निम्मा टिचक्या मोजूनही पुरता सापडला नव्हता हे दिसून आले.

मराठी संकेतस्थळांची कथा फार लांबविण्यासारखी नाही. गूगलच्या योजनेत हिंदी भाषेचा समावेश २०१४ च्या अखेरीस झाला. मराठीस त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले. दार उघडल्यावरही एक गोष्ट राहिली. लिलावात भाव चढावयास बोली बोलणारे दोघे तरी लागतात. मराठी शब्दांवर बोली लावणारे व्यापारी थोडे आहेत, कारण पुण्या-मुंबईचा दुकानदारसुद्धा जाहिरात देताना इंग्रजी शब्दच विकत घेतो. एकच बोली असली की किमान भावात माल जातो. तेव्हा मराठी पानावरील टिचकी स्वस्त असण्याचा दोष सगळाच यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले, आणि २०२४ च्या आरंभी अमलात आणले, की संकेतस्थळांच्या मालकांना यापुढे टिचक्यांचे नव्हे, दर्शनांचे पैसे मिळतील. शोधयंत्राच्या स्वतःच्या पानावर टिचकीचा लिलाव पूर्ववत चालू आहे. इतरांच्या पानांवर मात्र १९९६ मध्ये साबणवाल्यांनी मोडलेला रिवाज परत आला. किती दर्शने झाली ते अर्थात पूर्वीचाच हिशेबनीस मोजतो.

माझ्या स्नेह्यांना मी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. त्यांच्या पानांवर आता जाहिरात नाही. तिच्या रिकाम्या चौकटीत ते रोज एक शब्द देतात. त्या दिवशीचा शब्द होता 'अधोली', धान्य मोजण्याचे जुने माप, अर्ध्या पायलीचे.